वजा भरतेश

भरतेश बिरनाळे खुर्ची ओढायचा. आमच्या लॅबमधल्या खुर्च्या लोखंडी, आणि त्यांच्या पायांच्या रबरी टोप्या केव्हाच गळून गेलेल्या. त्यातली एखादी फरशीवरून सरकली की अंगावर काटा यायचा. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी आवाजावरून ओळखायचे, भरतेश आपला संगणक सोडून कुणाच्या तरी शेजारी निघाला.

"अरे, उचलून ठेव की. हातात जोर नाही का तुझ्या?" मी ओरडायचे.

"सॉरी मॅडम," तो म्हणायचा, आणि जरा वेळानं परत तेच.

मला त्याचा मनस्वी राग यायचा. मी लिगाडे मॅडम. इचलकरंजीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला वेब डेव्हलपमेंट शिकवते आणि इतकी वर्षं शिकवते आहे, की टीम प्रोजेक्ट म्हणजे काय प्रकरण असतं ते मला कुणी सांगायला नको. तिघांची टीम असते. एक जण राबतो, दुसरा त्याला चहा आणून देतो, आणि तिसरा शेवटच्या आठवड्यात सोनेरी अक्षरांचा काळा अहवाल बांधून आणतो. तोंडी परीक्षेला तिघंही इस्त्रीचे शर्ट घालून उभे. यातलं तू नेमकं काय केलंस, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. "सगळ्यांनी मिळून केलं मॅडम." मग मी तिघांना सारखे गुण द्यायचे आणि राबणाऱ्याकडे बघायचं टाळायचे. आपलं सोडून दुसऱ्यांच्या संगणकासमोर बसणारा भरतेश मला चहावाल्यांतलाच वाटायचा.

म्हणून ते यंत्र आलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

कंपनीनं त्याला दिलेलं नाव लांबलचक होतं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'वजाबाकी' केलं आणि तेच राहिलं. ते काम कसं करायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नियम असा केला, की प्रोजेक्टचं सगळं काम मुलांनी लॅबमध्ये बसून कॉलेजच्या संगणकावर करायचं. कोण कुठली कळ केव्हा दाबतो, कुठे थांबतो, काय खोडतो, कुठली चूक पुन्हा पुन्हा करतो, शेजाऱ्याला काय विचारतो, हे सगळं यंत्र संगणकाच्या कळा, कॅमेरा आणि माइकमधून टिपत राहायचं. त्यावरून प्रत्येक मुलाची एक पडछाया तयार व्हायची. पडछाया म्हणजे शेवटी एक प्रोग्रामच, पण तो त्या मुलासारखा कोड लिहायचा, त्याच्यासारखा अडायचा आणि त्याच्याच चुका करायचा. पहिल्या वर्षी आम्ही गंमत म्हणून ताडून बघितलं होतं. मुलाला आणि त्याच्या पडछायेला एकच गणित घातलं, तर दोघं एकाच ओळीत अर्धविराम विसरले.

खरी करामत त्यापुढची. यंत्र या पडछायांना तोच प्रोजेक्ट पुन्हा करायला लावायचं, हजारो वेळा. आधी तिघींना मिळून. मग एकीला बाहेर काढून उरलेल्या दोघींना. मग दुसरीला काढून. मग एकेकटीला. जिला वजा केल्यावर प्रोजेक्ट जितका ढासळेल, तितका त्या मुलाचा वाटा. टीममधल्या सगळ्यांचे वाटे मिळून शंभर. ज्याचा वाटा दहाच्या खाली, तो नापास, आणि त्यानं पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलांबरोबर परत प्रोजेक्ट करायचा.

यात वशिला चालत नव्हता, गोड बोलणं चालत नव्हतं. नोकऱ्या द्यायला येणाऱ्या कंपन्यांनी गुणपत्रिका मागणंच सोडलं. वाटा किती, एवढंच त्या विचारायच्या.

भरतेशच्या टीममध्ये अल्फिया जमादार आणि ऋतुराज सूर्यवंशी होते. अल्फियाचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. तिच्याच डोक्यातून प्रोजेक्टची कल्पना निघाली होती. मागावरचा एखादा कामगार आला नाही तर त्याच्या जागी गावात कोण बदली मिळेल, हे कारखानदाराला ताबडतोब सांगणारी वेबसाइट. चांगली झाली होती. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या मास्तरांनी तर आपल्या फोनवर उघडून बघितली.

निकाल लागला. अल्फिया एकसष्ट. ऋतुराज एकोणचाळीस. भरतेश शून्य.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. उंच, किडकिडीत पोरगा. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच.

"मॅडम, शून्य म्हंजे कसं हो?"

"शून्य म्हणजे शून्य. तुला वजा केलं तरी प्रोजेक्ट तेवढाच चांगला होतो, असं यंत्र म्हणतंय."

"तेवढाच?"

"काडीचाही फरक नाही."

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. तो नुसता मान हलवत राहिला. मी म्हटलं, "तूच सांग, तू काय केलंस प्रोजेक्टमध्ये?"

त्यानं खरंच विचार केला. "बसत होतो त्यांच्याजवळ."

"बसत होतास. बसण्याला गुण नसतात, भरतेश."

"व्हय मॅडम." तो जायला वळला आणि थांबला. "बाबांची कुरुंदवाडला पिठाची गिरणी हाय. काट्यावर त्यांचा लई विश्वास. काल त्यांना सांगितलं, तर म्हणाले, मशिन कशाला खोटं बोलंल? तूच बसून खाल्लं असशील."

तो गेला. मला वाटलं होतं, असल्या पोराला चांगली अद्दल घडली की बरं वाटेल. वाटलं नाही. त्याच्या बापाचं वाक्य जेवतानाही कानात राहिलं, कारण तेच मीही म्हणत होते, फक्त जरा शुद्ध भाषेत.

दुपारी मी यंत्र उघडलं. पडछाया काम करतात ते हवं तर पडद्यावर बघता येतं. कुणी बघत नाही, सगळ्यांना आकड्याशी मतलब. मी भरतेशला वजा केलेला प्रयोग लावला. अल्फियाची पडछाया भराभर लिहीत होती. कामगाराचं नाव घेणारा भाग तिनं सुरू केला, आणि नाव घेण्याच्या आधी एक ओळ टाकली. नाव रिकामं आलं तर काय करायचं, त्याची. मग फोन नंबर. तिथंही आधी तीच तपासणी. गावाचं नाव, पाळी, मागाचा प्रकार, सगळीकडे आधी रिकाम्याचा बंदोबस्त, मग पुढचं काम. मी ऋतुराजची पडछाया लावली. ऋतुराज म्हणजे रंगरंगोटी आणि सजावट करणारा गडी, जन्मात कधी काही तपासायचा नाही. त्याची पडछायाही तेच करत होती.

आणि मला लॅबमधला आवाज आठवला. फरशीवर खुर्ची घासल्याचा, आणि त्यामागून यायचा तो. "पर आधी रिकामंच आलं तर?" भरतेश हे वाक्य इतक्यांदा म्हणायचा, की पोरं त्याची नक्कल करायची.

मी हात कपाळाला लावून बसले. यंत्रानं भरतेशला वजा केलं होतं, आणि तो त्या दोन पडछायांमध्ये जसाच्या तसा बसलेला होता.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातले पेठे म्हणून एक तरुण इंजिनिअर आमचं काम बघायचे. मी त्यांना व्हिडिओवर गाठलं.

"पडछाया कुठल्या दिवसाची घेता तुम्ही?"

"प्रोजेक्ट जमा केला त्या दिवसाची, मॅडम. तोवर सगळ्यांत जास्त माहिती गोळा झालेली असते ना."

"म्हणजे वर्षभरात कुणी कुणाला काही शिकवलं असेल, तर ते शिकणाऱ्याच्या पडछायेत आलेलं असतं."

"अर्थात."

"मग शिकवणाऱ्याला काढलं तर काय कमी होणार? त्यानं जितकं चांगलं शिकवलं, तितका त्याचा वाटा कमी. नीट शिकवलं तर शून्य."

पेठ्यांनी मान डोलावली. चांगला माणूस होता, टोलवाटोलवी केली नाही. म्हणाले, "सुरुवातीच्या दिवसांच्या पडछायाही आमच्याकडे असतात. आम्ही टाकत काहीच नाही. लावून बघू या का?"

त्यांनी माझ्यासमोरच लावून दाखवलं. सुरुवातीची अल्फिया आणि सुरुवातीचा ऋतुराज, वजा भरतेश. वेबसाइटचं पान उघडलं, सुंदर होतं. बटण दाबलं तर काहीच नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. हजार प्रयोगांत तेच. मग भरतेशला आत घेतलं, आणि हळूहळू, रखडत, बदली कामगारांची नावं पडद्यावर यायला लागली. या हिशोबानं भरतेशचा वाटा शंभरात चौऱ्याहत्तर. ऋतुराज अठरा. अल्फिया आठ.

"यातला खरा आकडा कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही खरे आहेत, मॅडम. प्रश्न वेगळे आहेत." मग ते कामाचं बोलले. "नियमात तरतूद आहे. विद्यार्थ्यानं स्वतः फेरतपासणीचा अर्ज केला, तर सुरुवातीची तारीख धरता येते. पण निकाल सगळ्या टीमचा बदलतो. बेरीज शंभरच राहायला हवी."

आठ म्हणजे अल्फिया नापास. पुण्याच्या एका कंपनीनं तिचा एकसष्टचा आकडा बघून तिला बोलावलं होतं. तिच्या वडिलांचं कारखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं.

मी तिला बोलावून घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"कबूल आहे मॅडम," ती म्हणाली. "मला साधा फॉर्म येत नव्हता. सगळं त्यानंच सांगितलं. एक गोष्ट दहादा विचारली तरी कधी कटकट नाही केली त्यानं."

"मग?"

"मग काय? आता येतंय की मला. झोपेतनं उठवून विचारा. मग ते माझं नाही का?" तिचा आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला. "तुम्ही पण शिकवलंय मला. ते पण काढून घेणार काय?"

  वर्गात आम्ही जे शिकवतो ते मुलांचं व्हावं म्हणूनच शिकवतो, आणि ते झालं की आमची गरज संपते. या न्यायानं मला वजा केलं तर माझ्या हुशार मुलांचं काय अडणार होतं? इतक्या वर्षांच्या नोकरीत हा विचार मला पहिल्यांदा शिवला आणि मी घाबरले.

"त्यानं अर्ज केला तर मी आडवी येणार नाही," अल्फिया म्हणाली. "पण मी माझ्या हातानं लिहून देणार नाही मॅडम. अब्बांचं तोंड बघा तुम्ही." मग ती रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर इतकंसुद्धा खरं बोलले नसते.

संध्याकाळी कॉलेज सुटताना भरतेशला थांबवलं. अर्ज मी तयारच ठेवला होता, त्यानं फक्त सही करायची होती. त्याला चौऱ्याहत्तर सांगितले तेव्हा तो लाजला. कुणी तोंडावर कौतुक केलं की खेड्यातली पोरं लाजतात तसा. मी म्हटलं, "बाबांना सांग आता. काट्यानं चुकीचं माप दाखवलं होतं म्हणावं."

त्यानं पेन हातात घेतलं. "मग अल्फियाचं किती हुतंय?"

मी खोटं बोलू शकले असते. "आठ."

"म्हंजे ती नापास."

"हो. पण ते यंत्र ठरवतंय, तू नाहीस."

त्यानं कागद एकदा पूर्ण वाचला. मग पेनाला टोपण लावून ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"तिला नापासच करायचं हुतं, तर मी शिकवलं कशाला?"

"भरतेश, येड्यासारखं करू नकोस. वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे मॅडम. परत करतो की."

मी त्याला खूप बोलले. मूर्ख म्हटलं, आईबापाचा विचार नाही म्हटलं. तो व्हय मॅडम, व्हय मॅडम करत राहिला आणि सही न करता गेला. शेवटी मी कुरुंदवाडला फोन लावून त्याच्या वडिलांना सगळं समजावून सांगितलं. गिरणीच्या आवाजात ते मोठ्यानं बोलत होते. "मॅडम, तुम्ही म्हणताय ते खरं असंल. पर मग मशिननं आधीच तसं का न्हाई सांगितलं?" मी फोन ठेवला.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. एका भरतेशचं वर्ष गेलं ते गेलं, पुढच्यांचं जाऊ द्यायचं नाही. एव्हाना इतर टीमही शहाण्या झाल्या होत्या. आपल्याशिवाय प्रोजेक्ट अडावा म्हणून पोरं असा कोड लिहायला लागली होती, की जोडीदाराला त्यातलं अक्षर कळू नये. एकानं तर आपल्या भागातल्या सगळ्या फंक्शनना आपल्या मामेबहिणींची नावं दिली होती, कुठली बहीण काय करते ते त्याला एकट्यालाच ठाऊक. मी हसले होते तेव्हा. आता हसू येत नव्हतं. शिकवणारा मरतो आणि लपवणारा तरतो, हे मी कंपनीला लिहिलं. नावानिशी, उदाहरणांनिशी, जितकं कडक लिहिता येईल तितकं. प्राचार्यांची सही घेतली. दुसऱ्या चार कॉलेजांतल्या ओळखीच्या मास्तरांना लिहायला लावलं.

आणि कंपनीनं ऐकलं. पेठे स्वतः पुण्याहून गाडी घेऊन आले.

"फार मोठी गोष्ट दाखवून दिलीत, मॅडम," ते म्हणाले. "नवीन आवृत्तीत आम्ही उगम शोधतो."

उगम म्हणजे असं. एखादी सवय, एखादी युक्ती मुलाकडे कुठून आली, त्याचा माग यंत्र काढायचं. अल्फिया जेव्हा जेव्हा आधी रिकामं तपासेल, तेव्हा तेव्हा ते भरतेशच्या नावावर चढायचं आणि तिच्या नावावरून उतरायचं. शेजाऱ्यानं सांगितलेलं, पडद्याकडे बोट करून दाखवलेलं, सगळं धरायचं. शिक्षकानं वर्गात सर्वांना शिकवलेलं सोडून द्यायचं, पण एकाच मुलापाशी बसून सांगितलेलं शिक्षकाच्या रकान्यात जायचं. प्रत्येकाचा आजवरचा वाटा त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहायचा. ज्याचं त्याला. मी पेठ्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. भरतेशसारख्या पोरांना आता न्याय मिळणार होता आणि तो माझ्यामुळे मिळणार होता. मला फार अभिमान वाटला, का खोटं सांगू?

जूनमध्ये नवीन वर्ग सुरू झाला. भरतेश ज्युनिअर मुलांत येऊन बसला, मागच्या रांगेत, खिडकीशी. मुलं त्याला दादा म्हणायची. अल्फिया पुण्याला गेली होती. तिनं मला एकदा फोन केला, भरतेशची चौकशी केली आणि त्याला फोन करायचं धाडस होत नाही म्हणाली.

पहिले काही दिवस मला लॅबमध्ये चुकल्यासारखं वाटायचं आणि का ते कळायचं नाही. मग लक्षात आलं. आवाज नव्हता. पूर्वी लॅब म्हणजे बाजार. अरे हे बघ, अरे माझं का चालत नाही, ए कुणाला येतंय का हे. आता मुलं येत, कानात इयरफोनची बोंडं घालत आणि आपापल्या पडद्याकडे बघत बसत. कुणी कुणाला विचारत नव्हतं. एक मुलगा अडला म्हणून फोनवर कुणाशी तरी बोलायला लागला, तर शेजारचे दोघं उठून लांब जाऊन बसले. कानावर पडलेलंही धरलं जाईल, या भीतीनं.

मी वर्गात सांगून बघितलं. "अरे, विचारा एकमेकांना. त्यात काय लाज?"

"मॅडम, लाज नाही," पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला. "विचारलं तर ते आपलं राहत नाही ना."

भरतेशच्या टीममध्ये प्रणाली कोष्टी होती. छोटीशी, चुणचुणीत, पण कोड म्हटलं की गडबडून जायची. एके दिवशी तिचं पान उघडत होतं आणि आत काहीच येत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा चालवून बघत होती. डोळे पाण्यानं भरले होते, पण हूं की चूं नाही. चूक मला माझ्या टेबलावरून दिसत होती. माहिती यायच्या आतच तिचा कोड पुढे पळत होता, थांबायला सांगणारा एक शब्द राहिला होता. भरतेशलाही खिडकीशी बसल्या जागेवरून दिसली असणार.

तो उठला. त्यानं खुर्ची उचलली. ओढली नाही, दोन्ही हातांनी उचलून, आवाज न करता प्रणालीच्या शेजारी नेऊन ठेवली. गेल्या वर्षी मी इतकं ओरडूनही जे त्याला जमलं नव्हतं, ते त्यानं आपणहून केलं. आणि तो बसला.

प्रणालीनं पडद्यासमोर हात आडवा धरला.

"दादा, नको ना."

"अगं, एवढंसं हाय ते."

"नको. तू सांगितलंस की तुझ्यावर जातंय. आधीच माझं सात-आठाच्या वर येत नाही."

"मी बोलत न्हाई. नुसता बसतो."

"बसलास तरी धरतंय." ती रडकुंडीला आली होती. "दादा, तुझं काय, तू कसाही पास होशील. माझं बघ ना जरा."

भरतेशनं माझ्याकडे बघितलं. मग उठून खुर्ची परत उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली. आजूबाजूच्या मुलांनी मान वर केली नाही. काही वेळानं तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, रागवू नका, पर एक बोलू?"

"बोल."

"गेल्या वर्षीचं शून्यच बरं हुतं. तवा शेजारी बसू तरी देत हुते."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट मलाच वाईट वाटू नये म्हणून तो हसत होता, आणि ते हसू बघवत नव्हतं. मी म्हणाले, बघू, पुन्हा लिहू कंपनीला. काय लिहिणार होते, मला माहीत नव्हतं. यंत्र चुकत आहे असं आता मला म्हणता येत नव्हतं. मीच ते बरोबर करून घेतलं होतं.

तो जागेवर जाऊन बसला. प्रणाली अजून तेच पान चालवून बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला राहवलं नाही. मी माझी खुर्ची धरली आणि टेबलापासून तिच्या रांगेपर्यंत मुद्दाम ओढत नेली. फरशीवर ती अशी कर्कश घासली, की अख्ख्या लॅबनं कानातली बोंडं काढली. खिडकीशी भरतेश अर्धवट उभा राहिला. मी प्रणालीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हं, दाखव बघू, कुठं अडलंय?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्यावरच्या कोपऱ्यातल्या आपल्या आकड्याकडे. मग तिनं हात आडवा धरला.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पण नको."